शाळेची वेळ आणि घरची सकाळ

घरांत शाळेला जाणारीं मुलें असलीं म्हणजे त्या घरची सकाळ कशी असते, हें वाचकांस सांगावयास नको. सहा वाजतां जो गृहस्थ शांत चित्तानें दाराबाहेरील दुधाची पिशवी आंत घेतो, तोच सात वाजतां एका हातांत वेणीची रिबीन व दुसऱ्या हातांत एकच पायमोजा घेऊन घरभर धांवत असतो; जोडीचा दुसरा पायमोजा कोठें आहे हें त्या घटकेस केवळ परमेश्वरालाच ठाऊक असतें. गेल्या पावसाळ्यांत प्रस्तुत लेखकावर असा प्रसंग ओळीनें आठ दिवस आला. पत्नीस तिच्या आईच्या आजारपणामुळें माहेरीं जावें लागलें, आणि नऊ वर्षांची मुलगी व सहा वर्षांचा मुलगा यांस सात वाजून दहा मिनिटांनीं येणाऱ्या शाळेच्या गाडींत बसवून देण्याचें काम माझ्याकडे आलें.

पहिल्या दिवशीं पोळी करपली, डब्याचें झांकण सांपडलें नाहीं, आणि चिरंजीव दांत घासतां घासतां भिंतीवरच्या पालीचें निरीक्षण करीत उभे राहिले. हें सर्व कसेंबसें निभावून आम्ही दाराशीं आलों, तों मुलगी म्हणाली, “बाबा, आज चित्रकला आहे. रंगाची पेटी आणि जुनं वर्तमानपत्र न्यायचंय.” “मग काल कां नाहीं सांगितलंस?” असें मीं जरा चढ्या आवाजांतच विचारलें. तिनें अगदीं शांतपणें उत्तर दिलें, “तुम्ही विचारलंच नाहीं. आई रात्रीच विचारते.” तेवढ्यांत गाडी निघून गेली, आणि दोघांस स्कूटरवर घालून मीं भर पावसांत शाळा गांठली. फाटकावरच्या शिपायानें उशिराची वही पुढें केली व तींत मला सही करावी लागली.

इतिहास वाचण्याची खोड ज्यास आहे त्याचें मन अशा वेळींही स्वस्थ बसत नाहीं. परत येतांना माझ्या मनांत आलें कीं, ही धांवपळ आपल्या समाजांत केव्हांपासून सुरू झाली? मूल वेळेवर शाळेंत पोंचविणें हें घराचें कर्तव्य, आणि त्याचा उशीर हा घराचा अपराध, हें कोणी व केव्हां ठरविलें? या प्रश्नाचा मागोवा घेतां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

इंग्रजी राज्यांत शिक्षणखातें निघण्यापूर्वीं आपल्याकडे शाळाच नव्हत्या असें नाहीं. गांवोगांवीं पंतोजी असत. कोणाच्या ओसरीवर, कोठें देवळाच्या सभामंडपांत त्यांची शाळा भरे. धूळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, मोडीचें वळण बसवावयाचें, पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी एका सुरांत घोकावयाचीं, असा तो क्रम. काळाचें मोजमाप घटकांचें; अहोरात्रीच्या साठ घटका, व एक घटका आजच्या चोवीस मिनिटांची. परंतु घटिकापात्र बाहेर निघे तें लग्नमुहूर्तासारख्या प्रसंगीं. एऱ्हवीं संसाराचें काम अंगणांतल्या उन्हानें भागत असे. ऊन कोणत्या पायरीवर आलें, एवढें पाहून गृहिणी आपला दिवस हांकीत असे. ज्या हिशेबाचें नाणें चोवीस मिनिटांचें, त्यांत पांच मिनिटांच्या उशिराला किंमत ती काय असणार?

पण म्हणून त्या काळीं उशीर ही वस्तूच नव्हती, असें मात्र कोणीं समजूं नये. १८२३ सालीं बल्लारी जिल्ह्याचा कलेक्टर कॅम्बेल यानें आपल्या जिल्ह्यांतील देशी शाळांविषयीं मद्रास सरकारास एक अहवाल पाठविला. त्या जिल्ह्यांत त्यास ५३३ शाळा आढळल्या. त्यांपैकीं बहुतेक कानडी व तेलुगु असून २३ मराठी होत्या. शाळा भरण्याची वेळ सकाळीं सहाची. जो मुलगा सर्वांआधीं येई त्याच्या तळहातावर सन्मानार्थ सरस्वतीचें नांव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत, म्हणजे तो स्तुतीसही पात्र नाहीं व निंदेसही नाहीं. तिसऱ्यास छडीचा हलका फटका मिळे, चवथ्यास दोन, आणि पुढें येणाऱ्या प्रत्येकास एकेक चढता. शेवटीं येणाऱ्याच्या तळहाताची कल्पना वाचकांनींच करावी.

या चमत्कारिक रिवाजांत एक मर्म आहे. तेथें उशीर ठरे तो घड्याळाशीं ताडून नव्हे, तर शेजारच्या मुलाशीं ताडून. सगळीं मुलें एक घटका उशिरां आलीं तरी त्यांतला पहिला तो पहिलाच. दुसरें असें कीं, शिक्षा होई ती मुलाच्या हाताला. घराकडे कोणी बोट दाखवीत नसे. आणि तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मूल शाळेंत न आल्यास पंतोजी थोरल्या मुलांची टोळी त्याच्या घरीं पाठवी, व ती टोळी त्या चुकाराला माळ्यावरून किंवा कणगीमागून ओढून शाळेंत नेत असे. मुलाला शाळेपर्यंत आणणें हें तेव्हां बरेंचसें शाळेचें काम होतें. आईला मुलाच्या मागें लागावें लागत नसे असें नव्हे. पण तिनें हात टेकले तरी शाळा आपण होऊन दारीं येत असे.

मात्र या चित्रावर मोहित होऊन जुनें तें सोनें म्हणण्याची घाई करूं नये. त्याच अहवालांत कॅम्बेल सांगतो कीं, शाळांत जाणाऱ्या एकंदर ६,६४१ विद्यार्थ्यांत मुली अवघ्या ६० होत्या. शिवाय मध्यम व खालच्या स्थितींतील पुष्कळ लोकांस मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपत नव्हता, आणि हातपाय थोडे चालूं लागतांच मुलांस कामाला लावणें त्यांस भाग पडत होतें. सकाळची शाळा सोपी होती ती ज्यांच्या घरीं सकाळच्या कामाला दुसरे हात होते त्यांना. ज्या घरीं ते नव्हते, तेथें मूल हाच एक हात होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सारा इतिहास हिच्याभोंवतीं फिरतो.

१८५४ सालीं वुडचा खलिता आला, व पुढच्याच वर्षीं मुंबई इलाख्यांत स्वतंत्र शिक्षणखातें निघालें. शाळेला हजेरीपट आला, तपासणीस येणारा डेप्युटी आला, आणि भिंतीवर घड्याळ आलें. कचेऱ्यांच्या वेळेप्रमाणें शाळाही हळूहळू अकरा ते पांच भरूं लागल्या. आज आपल्यास ही वेळ आरामाची वाटेल. पण त्या काळच्या स्वयंपाकघरांतून तिच्याकडे पाहावें. पूर्वीं पहिलें जेवण दुपारच्या सुमारास होई. आतां घरधन्यास कचेरींत व मुलास शाळेंत अकराला पोंचावयाचें, म्हणजे दहाच्या आंत पानें मांडलींच पाहिजेत. ब्राह्मणी घरांत स्वयंपाक सोंवळ्यांत. म्हणजे त्याआधीं स्नान, स्नानाआधीं पाणी, पाण्याआधीं विहीर. देवाला नैवेद्य दाखविल्यावांचून पान वाढावयाचें नाहीं. इतर घरांत सोंवळें नसलें तरी जातें होतेंच, व पीठ जात्याखालून आल्यावांचून भाकरी होत नसे. सरकारानें फक्त शाळेची वेळ ठरविली; पण तिच्यामुळें घरांतल्या एका माणसाचा दिवस पहांटे चारपर्यंत मागें ओढला गेला. त्या माणसाचें नांव कोणत्याही हजेरीपटांत नव्हतें.

बरें, हें घड्याळ तरी एक असावें! मुंबईंत १८७८ सालीं राजाबाई टॉवर पुरा झाला. प्रेमचंद रायचंद या दानशूर व्यापाऱ्यानें आपल्या आईच्या नांवानें तो बांधविला, आणि शहराला वेळ सांगणाऱ्या मनोऱ्यास एका आईचें नांव मिळालें हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. परंतु मुंबईची वेळ निराळी व आगगाडीची निराळी, असा घोटाळा त्या शहरानें पुष्कळ वर्षें सोसला. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाची एक प्रमाणवेळ ठरली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारें ३९ मिनिटें पुढें होती. लोकांनीं तिला विरोध केला, आणि मुंबईच्या महापालिकेनें तर १९५५ पर्यंत आपली जुनी वेळ सोडली नाहीं. तोंपर्यंत तेथें कोणीं वेळ सांगितली तर “कोणत्या घड्याळाची?” असें विचारण्याचा प्रघात होता. या वादांत राजकारण होतें, स्वाभिमान होता, हें खरेंच. परंतु त्याच्या मुळाशीं एक साधी गोष्टही होती. ३९ मिनिटें पुढें गेलेलें घड्याळ म्हणजे कोणीतरी तितकींच मिनिटें आधीं उठणें, आणि हें ज्याच्या अंगावर पडतें त्यास तें कागदावरच्या आंकड्याहून फार निराळें वाटतें.

सर्वच मुलांच्या मागें अशी उठविणारी आई होती असेंही नाहीं. पुण्यास शिकावयास आलेले कितीएक गरीब ब्राह्मण विद्यार्थी सकाळीं झोळी घेऊन माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत, व मग शाळेची वाट धरीत. त्यांच्या सकाळीचा भार एका घरावर न पडतां पांच-सात घरांवर वांटलेला असे. परंतु ही वांटणी जातीच्या कुंपणाच्या आंतली होती. ज्यांस त्या अंगणांत पाऊल टाकण्याची बंदी होती, त्यांच्या मुलांचें काय? या ठिकाणीं एका वडिलांचें स्मरण होतें. भीमराव आंबेडकर यांची आई ते लहान असतांनाच वारली. पुढें परळच्या चाळींतील एका खोलींत हें कुटुंब राहत असतां, वडील सुभेदार रामजी मुलाला संध्याकाळीं लवकर निजवीत, आपण रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत, मग त्यास अभ्यासाला उठवून त्याच्या जागीं स्वतः निजत, असें चरित्रकार सांगतात. खोलींत दोघांना निजण्यापुरती जागा नव्हती, म्हणून बापानें रात्रीचे दोन भाग केले. १९०७ सालीं हा मुलगा मॅट्रिक झाला. सकाळचें काम हें स्वभावतःच बायकांचें, असें जे म्हणतात त्यांनीं ही हकीकत अवश्य आठवावी.

यानंतरचा टप्पा कायद्याचा. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं मागणी केली कीं, प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें. सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत प्रयोग करून १९०६ मध्यें साऱ्या बडोदें संस्थानांत सक्ती लागू केली. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि जे पालक मूल शाळेंत पाठविणार नाहींत त्यांस दरमहा एक रुपया दंड ठेवला. ही सक्ती अत्यंत हिताची होती, यांत संशय नाहीं. ती नसती तर कॅम्बेलच्या अहवालांतल्या त्या कामकरी मुलांचे वंशज आजही ढोरांमागेंच राहिले असते. पण एक फरक येथें नोंदला पाहिजे. बल्लारीच्या शाळेंत फटका मुलाच्या तळहातावर बसे. आतां दंडाचा धाक पालकाच्या कनवटीस लागला. मूल शाळेपर्यंत पोंचविण्याची जबाबदारी या क्षणापासून कायद्यानेंच घरावर आली. घरावर म्हणजे घरांतल्या कोणावर, हें कायद्यानें सांगितलें नाहीं. तें रूढीनें आधींच ठरवून ठेवलें होतें.

आतां मुलींकडे वळूं. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंस शाळेच्या वाटेवर शेणमाती अंगावर घ्यावी लागली, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर १८८४ सालीं पुण्यांतच मुलींचें हायस्कूल निघालें, तें आज हुजूरपागा या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याची वेळ मुलांच्या शाळेप्रमाणें अकरा ते पांच. पुढें लवकरच टिळकांच्या ‘मराठा’ पत्रानें या वेळेवर हरकत घेतली. मुली सबंध दिवस शाळेंत राहिल्या तर घरकाम केव्हां करतील व केव्हां शिकतील, म्हणून त्यांची शाळा थोडकेच तास भरावी, असा त्या हरकतीचा आशय. आज आपण हा वाद वाचतों आणि मुलींस काय शिकवावें यासंबंधींचा एक जुना मतभेद म्हणून सोडून देतों. पण माझ्या मतें त्यांत एक स्पष्ट कबुली आहे. मुलगी अकरा वाजतां बाहेर पडली तर घरांत एक जागा रिकामी होते, हें विरोधकांनीं बरोबर ओळखलें होतें. ही रिकामी जागा कोणीं भरावी, याचें त्यांचें उत्तर मात्र चुकलें. मुलीनें परत यावें, असें ते म्हणाले. घरांतल्या दुसऱ्या कोणीं उठावें, असें त्यांच्या मनांत आलें नाहीं. सुधारकांनीं मुलीला शाळेंत टिकविलें हा त्यांचा मोठा उपकार. परंतु ती रिकामी जागा त्यांच्याही घरीं बहुधा तिच्या आईनेंच भरली असेल.

जेथें ती भरली गेली नाहीं तेथें काय झालें, याचें उदाहरण मला ग्रंथांत शोधावें लागत नाहीं. माझी आई सहा भावंडांत थोरली. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली ही गोष्ट. गांवांत शाळा होती, फी नव्हती, मास्तर चांगले होते, घरांतून विरोधही नव्हता. शाळा साडेदहाला भरे. त्याआधीं विहिरीच्या चार खेपा, जात्यावरचें दळण, धाकट्या भावांचीं आंघोळी-जेवणें, आणि कडेवरचें मूल आजीच्या हवालीं करणें, एवढें आटोपून ती निघे, तों प्रार्थना होऊन गेलेली असे. भाऊ त्याच शाळेंत वेळेवर जात. कारण त्यांस वेळेवर पाठविणारी बहीण घरांत होती. चौथीनंतर तिची शाळा सुटली. मीं एकदां तिला विचारलें, “तुला शाळेंतून काढलं कुणी?” ती म्हणाली, “काढलं कुणीच नाहीं रे. रोज उशीर व्हायचा, रोज दाराशीं उभं राहायचं. मग जायचीच लाज वाटायला लागली.”

मुलींनीं शाळा सोडली कीं तिचें कारण आपण दारिद्र्यांत शोधतों, लग्नांत शोधतों, रूढींत शोधतों; आणि तीं कारणें खरींच आहेत. पण रोज सकाळच्या अर्ध्या तासानेंही एक शिक्षण संपूं शकतें, हें मला माझ्या घरांतच कळलें. हीच आई आम्हां भावंडांस मात्र एक दिवसही उशिरां जाऊं देत नसे. आम्ही जागे होण्यापूर्वीं डबे भरलेले असत, दप्तरें दाराशीं ओळीनें लावलेलीं असत. लहानपणीं मला तो तिचा कडक स्वभाव वाटे.

आतां जातें गेलें, विहीर गेली, गॅस आला, पिठाची गिरणी आली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें, जो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. मग सकाळ सोपी झाली काय? तसें दिसत नाहीं. शहरांत जागेच्या टंचाईनें शाळा दोन पाळ्यांत भरूं लागल्या, शाळा दूर गेल्या, गाड्या आल्या, आणि अकराचे सात झाले. १९०६ च्या मुंबईकरांनीं ३९ मिनिटांसाठीं आरडाओरड केली होती. त्यांच्या पणतवंडांनीं चार तास मुकाट्यानें सोसले. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारानें आदेश काढला कीं, पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत. लहान मुलांची झोप पुरी होत नाहीं, हें त्याचें कारण. सर्वच शाळा अद्याप त्या वळणावर आल्या आहेत असें नाहीं. आमची सात-दहाची गाडी हा त्याचा पुरावा. तरी आदेश योग्यच होता. मात्र मुलाच्या आधीं तासभर उठणाऱ्या माणसाच्या झोपेचा हिशेब करणें हें कोणत्याही खात्याकडे नसतें.

तो हिशेब एका ठिकाणीं थोडासा दिसतो. २०१९ सालीं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया त्या कामीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें घालवितात, व भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटें, असें तींत दिसून आलें. शिवाय असा मुळीं भाग घेणारे पुरुष स्त्रियांच्या मानानें फारच थोडे. सकाळची गर्दी कमी व्हावी म्हणून आपण शाळेची वेळ पुढें-मागें करतों, यंत्रें आणतों, गाड्या लावतों. पण काम जर एकाच माणसाच्या वांट्याचें राहिलें, तर सोय कितीही वाढो, त्या माणसाचें घड्याळ पुढेंच धांवणार. दोनशें वर्षांत शाळेची वेळ अनेकदां बदलली. तिच्यासाठीं उठणारें माणूस मात्र बहुधा तेंच राहिलें.

आठव्या दिवशीं पत्नी परत आली. तोंपर्यंत पोळी करपणें थांबलें होतें, पायमोजे रात्रींच जोडीनें ठेवण्याची युक्ति साधली होती, आणि गाडी आणखी फक्त एकदांच चुकली होती. “आतां मी बघतें,” असें ती म्हणाली, आणि ते शब्द ऐकून मला बरें वाटलें हें मी नाकारीत नाहीं. परंतु त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मुलांच्या खोलीच्या दाराशीं जाऊन मीं विचारलें, “उद्यां काय न्यायचंय?” मुलीनें पुस्तकांतून मान वर करून आधीं आईकडे पाहिलें, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, “उद्यां कांहीं नाहीं. पण परवां मातकामासाठीं माती लागेल.”

माती आणण्याचें काम तेव्हांपासून माझ्याकडे आहे, आणि सकाळीं सहाचें घड्याळही.